मामांचा लाह्यांचा मका

"उज्ज्वला, तुझ्या आत्याला सांग, मक्याच्या वाफ्यावर धुणं वाळत घालायचं नाही."

मामा परसात खुरपं घेऊन उभे होते. त्यांच्यापासून हातभर अंतरावर आत्या पिळलेलं लुगडं घेऊन उभ्या होत्या. मी आत स्वयंपाकघरात कणीक मळत होते. म्हणजे निरोप जायचा होता हातभर, पण व्हाया स्वयंपाकघर.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आत्या, मामा म्हणतात, इथं धुणं घालू नका."

"त्यांना सांग, दोरी आधीपासनं इथंच आहे. मका नंतर आला."

"मामा, आत्या म्हणतात..."

"ऐकलं मी. तिला सांग, दोरी हलवता येते, मका हलवता येत नाही."

आत्यांनीही ते ऐकलं होतं. तरी त्या माझ्याकडं बघत थांबल्या. मी सांगेपर्यंत त्यांच्या लेखी ते बोलणं झालेलंच नव्हतं. मी सांगितलं. मग त्यांनी लुगडं झटकलं आणि दोरीवरच टाकलं, मक्याच्या बरोबर डोक्यावर.

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मी लग्न होऊन करमाळ्यात आले, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मामा एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्यांची नावं माइकवर पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते रिटायर झाले, आणि निरोपसमारंभ उरकून हार गळ्यात घालून घरी आले, त्या घडीपासून आत्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. का, ते कुणालाच ठाऊक नाही. मामांना विचारलं की म्हणायचे, "तिलाच विचार." आत्यांना विचारलं की म्हणायच्या, "त्यांना कळत नसेल तर सांगून काय उपयोग?" आमचे हे औषधांच्या कंपनीत होते, सोमवारी बॅग घेऊन जायचे आणि शनिवारी उगवायचे. त्यांना म्हटलं, अहो, तुमच्या आईबापांचं काहीतरी बघा, तर म्हणाले, "होईल नीट." स्वतः सुटले होते ना. मधे सापडले होते मी.

संक्रांत झाली आणि मामांनी परसात मका लावायला घेतला. साधा नाही, पॉपकॉर्नचा. पुण्याला एका लग्नात त्यांनी ते पहिल्यांदा खाल्लं होतं, आणि तिथल्याच एका बियाण्याच्या दुकानातून पुडी आणली होती. सगळ्या घरात ते सांगत सुटले, "हा मका भाजून खायचा नाही, उकडून खायचा नाही. हा फक्त लाह्यांचा."

आत्या मला म्हणाल्या, "त्यांना विचार, मग तो इतर मक्यांपेक्षा शहाणा कसा काय?"

नळाला पाणी दिवसाआड यायचं. मामा धुण्याचं, भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं, सगळं पाणी बादलीत धरून मक्याला घालायचे. आंघोळीचं पाणी वाया जातं म्हणून त्यांनी मला न्हाणीघराची मोरी परसाकडं वळवायला गवंडी बघायला सांगितलं. तुरे आले तेव्हा रोज सकाळी उठून एकेक ताट हळूच हलवायचे. कणसाच्या केसांवर वरचा पराग पडला तरच दाणा भरतो, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. धोतर खोचून, ताटाला धरून, "हं, पड रे बाबा, पड," असं म्हणत फिरणारा सासरा मी तरी दुसऱ्या कुणाचा बघितला नाही.

कणसं भरली तशी गल्लीतली माणसं यायला लागली. शेजारच्या शकूमावशी तर कुंपणावरून हातच लांब करायच्या. "दादा, दोन द्या की हो भाजायला. लिंबू लावून खाऊ."

"हा भाजायचा नाही, मावशी. लाह्यांचा आहे."

"मग लाह्या कधी देणार?"

"नागपंचमीला," मामा म्हणाले. आणि इथं सगळी गोची झाली.

आमच्या गल्लीत पंचमीच्या लाह्या म्हणजे आत्यांच्या लाह्या. ज्वारीच्या, पांढऱ्याशुभ्र, मोगऱ्याच्या कळ्यांसारख्या फुललेल्या. आदल्या दिवशी आमच्या चुलीपाशी बायकांची रांग लागायची, कारण पंचमीच्या दिवशी चुलीवर कढई ठेवायची नाही, तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, कापायचं नाही. जे काय फोडायचं ते आदल्या दिवशी. एवढा एक दिवस आत्या साऱ्या गल्लीच्या वरचढ असायच्या. आणि मामांनी नेमका त्याच दिवसावर हात घातला होता.

त्या दुपारी घरात जेवणं झाली तशी आत्या म्हणाल्या, "उज्ज्वला, त्यांना सांग, नागोबाला ज्वारीच्या लाह्या लागतात. थेटरातल्या नाही."

"तिला सांग, यंदा गल्लीला मक्याच्या लाह्या मी देणार. फुटल्या नाहीत तर मी ह्या घरात कशालाही उपयोगी नाही, असं समजेन आणि गावी निवृत्तीकडं जाईन राहायला. कायमचा."

निवृत्ती म्हणजे मामांचा धाकटा भाऊ, गावी शेती करायचा. मी आत्यांकडं बघितलं. त्या भांडी आवरत होत्या. हात थांबला नाही, पण थाळी जरा जास्त जोरात आपटली.

"त्यांना सांग," आत्या म्हणाल्या, "खुशाल जा म्हणावं."

मी ते सांगितलं. मामा उठून परसात गेले. तोवर मला हा सगळा खेळ वाटत होता. त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली, की हा माणूस मानी आहे, बोलला म्हणजे जाईल. आणि गेला तर ह्या घरात दोन बायका आणि एक दोरी राहील.

वैशाखात कणसं वाळली. मामांनी ती सोलली, दाणे काढले आणि गच्चीवर पत्र्यावर पसरले. आत्या गहू-डाळीला उन्हं देतात, तशी यांनीही द्यायची ठरवली. पण आत्या चार उन्हांत गोळा करतात. मामांना कुणी थांबवायलाच नव्हतं. आत्या बोलायच्या नाहीत, आणि मला वाटलं, जितकं वाळेल तितकं टिकेल. उरलेला सारा उन्हाळा ते दाणे पत्र्यावर होते. करमाळ्याचं ऊन, त्यात पत्रा. दाणे काचेच्या मण्यांसारखे खणखणायला लागले. मामा मूठभर उचलून पुन्हा टाकायचे आणि तो आवाज ऐकत बसायचे. खूष होते अगदी.

पंचमीच्या आठवड्यात सोमवारी आत्या देवळात गेल्या. मामा स्वयंपाकघराच्या दारात आले, इकडंतिकडं बघून म्हणाले, "उज्ज्वला, कढई ठेव. जरा बघू तरी."

कढई तापवली. तेल घातलं, मूठभर दाणे टाकले, झाकण ठेवलं. आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. खूप वेळानं आत एक दाणा टिक्‌ वाजला. मग दुसरा. मग धूर यायला लागला.

झाकण काढलं तर काळे दाणे. एखाददुसरा जरासा उकललेला, बाकी सगळे गणंग. न फुटलेल्या दाण्याला आमच्याकडं गणंग म्हणतात. मामांनी आणखी एक मूठ टाकायला लावली. तेच. आच कमी केली, तेच. आच वाढवली, तर नुसता धूर.

मामा पाटावर बसले. आयुष्यभर साऱ्या स्टँडला ऐकू जाणारा त्यांचा आवाज होता, तो अगदी बारीक झाला. "लाह्यांचाच होता म्हणाला होता दुकानदार," एवढंच म्हणाले.

"मामा, पुन्हा बघू उद्या."

"नाही गं. बोललो ते बोललो." त्यांनी टोपी घातली आणि स्टँडवर गेले. गावाकडं जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरपाशी त्यांनी निरोप दिला, की निवृत्तीला सांग, पंचमीला मला न्यायला ये. घरी येऊन मला तसं सांगितलं. आणि म्हणाले, "तुझ्या आत्याला सांगू नको. आपोआप कळेल."

तो निरोप तरी माझ्या हातून गेला नाही, याचं बरं वाटायला हवं होतं. पण मला रडूच आलं.

आत्या देवळातून आल्या. घरात धुराचा वास होता. त्या काही विचारत बसल्या नाहीत. सरळ राखेच्या टोपलीकडं गेल्या, चिमूटभर गणंग उचलले, एक दातांखाली धरला आणि चावला. डब्यातला एक कच्चा दाणा घेतला, तोही चावला. मग फडक्याला हात पुसत म्हणाल्या, "वाळवून मारलाय. पोटात ओलच नाही तर फुटणार कशानं? दाणा फुटतो तो पोटातल्या पाण्यानं. ज्वारीला मी आदल्या दिवशी गरम पाण्याचा शिपका देऊन फडक्यात बांधून ठेवते, ते काय उगीच? हा जास्त कडक आहे, ह्याला दोन-तीन दिवस लागतील. आजच शिपका द्यायला पाहिजे. उज्ज्वला, त्यांना सांग..."

"मी नाही सांगणार," मी म्हणाले.

आत्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मला स्वतःलाही माझ्या तोंडातून हे कसं आलं ते कळलं नाही, पण एकदा आलं तसं पुढचंही सगळं आलं.

"नाही सांगणार. वर्ष झालं आत्या, माझ्या माहेरी कुणी विचारलं, सासरी काय करतेस, तर काय सांगू? मीठ हवंय सांगते, मीठ नकोय सांगते. मामा निघाले निवृत्तीकाकांकडं. निरोप गेलाय गाडीनं. तुम्हाला हवं असेल तर तुम्ही सांगा त्यांना, नको असेल तर जाऊ द्या. मी आजपासून बहिरी पण आणि मुकी पण."

आत्या टोपली सोडून माझ्यापुढं आल्या. "निरोप गेला?"

"गेला."

मी कणीक घेतली आणि ती इतकी मळली की त्या दिवशीच्या पोळ्या चामड्यासारख्या झाल्या.

संध्याकाळचं जेवण आठवलं की मला अजून हसू येतं, तेव्हा मात्र जीव घाबरा झाला होता. मामांना चटणी हवी होती. चटणी आत्यांपाशी होती. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी ताटात बघितलं. मामा खाकरले. मी पाणी प्याले. शेवटी मामांनी कोरडी पोळी खाल्ली आणि उठले. आत्यांनी चटणीचा वाडगा तसाच उचलून ठेवला, स्वतःही घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या तुळशीला पाणी घालायला गेल्या. मामा पलीकडं रिकाम्या वाफ्यात बसले होते. मी न्हाणीघरात होते, पण दार किलकिलं होतं.

आत्या तुळशीला म्हणाल्या, बऱ्यापैकी मोठ्यानं, "तुळसाबाई, दाणे फार वाळलेत. गरम पाण्याचा शिपका द्यायला पाहिजे. मग बरणीत घालून झाकण घट्ट लावायचं आणि अधूनमधून हलवायची."

मामांनी हातातलं एक ढेकूळ फोडलं. मग तेही तुळशीकडं तोंड करून म्हणाले, "तुळसाबाई, पाणी किती?"

आता तुळस काय सांगणार? आत्यांनी प्रश्न ऐकला होता, पण तो विचारला होता तुळशीला, त्यामुळं उत्तर त्यांना देता येईना. त्या पदर खोचून ताठ उभ्या राहिल्या. मामा वाट बघत राहिले. मला तोंडात पदर कोंबावा लागला. शेवटी मामा उठले, आत गेले, बंबातून तांब्याभर पाणी काढलं, डब्यातले दाणे बरणीत भरून परसातल्या दगडावर बसले, आणि सगळा तांब्या बरणीत वाकडा करायला लागले.

"अहो," आत्या ओरडल्या, "डाळ भिजवताय का? ओता ते. चमचाभर पुरे, चमचाभर."

मामांचा तांब्या तसाच राहिला. आत्यांचंही तोंड तसंच राहिलं.

"बोललीस," मामा म्हणाले.

"चुकून."

"चुकून का होईना." मामांनी तांब्या खाली ठेवला. "आता बोलतेच आहेस तर एवढं सांग, मी केलं काय तुझं?"

आत्यांचा आवाज एकदम फुटला. "काय केलं? निरोपाच्या दिवशी माइक हातात घेतलात आणि सगळ्यांचे आभार मानलेत. साहेबांचे मानलेत, ड्रायव्हरांचे मानलेत, कंडक्टरांचे मानलेत. कँटीनमधल्या चहावाल्याचे मानलेत. स्टँडवरच्या कुत्र्याचं सुद्धा नाव घेतलंत, रात्रपाळीला सोबत करायचा म्हणून. मी पहिल्या रांगेत बसले होते. पहाटेच्या गाडीला जाताय म्हणून मी जन्मभर अंधारात उठून डबा केला, आणि तुम्ही माझं नाव नाही घेतलंत. शकूनं वळून बघितलं माझ्याकडं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

मामांनी बरणी बाजूला ठेवली. मग अगदी मनापासून, खरंच कोड्यात पडल्यासारखे म्हणाले, "अगं, तुझे घरी येऊन मानणार होतो. ते काय माइकवर बोलायचं असतं? सगळ्यांपुढं मला लाज वाटली."

"मग आल्यावर का नाही मानलेत?"

"घरी आलो तर तू बोलत नव्हतीस."

मी न्हाणीघरातच खाली बसले. वर्षभर. वर्षभर मी ह्या दोघांच्या मधे पळत होते, आणि गोष्ट एवढी होती. हसावं की दोघांना एकेक तांब्या मारावा, मला कळेना.

मग आत्या म्हणाल्या, "द्या ती बरणी इकडं." त्यांनी पाणी मोजून शिंपडलं, झाकण लावलं, बरणी हलवली आणि मामांच्या हातात दिली. "हलवत राहा. मी स्वयंपाकाला लागते."

मामा बरणी घेऊन साऱ्या घरात हिंडले. जेवताना मांडीवर बरणी, पेपर वाचताना काखेत बरणी. आत्यांनी आतून विचारायचं, "हलवताय ना?" आणि मामांनी म्हणायचं, "हलवतोय." इतकं साधं बोलणं, पण मला ते ऐकत राहावंसं वाटायचं.

पंचमीच्या आदल्या दिवशी, चतुर्थीला, गल्लीतल्या बायका आमच्या चुलीपाशी जमल्या. आत्यांचा भावाचा उपवास होता, तरी त्या चुलीपुढून हलल्या नाहीत. आधी ज्वारी फोडली. मग मामा बरणी घेऊन आले आणि दारातच थांबले. आत्यांनी मूठभर दाणे कढईत टाकले, झाकण ठेवलं. मामांनी डोळे मिटले. मामांचा पण गल्लीभर झाला होता. शकूमावशी म्हणाल्या, "दादा, गावाला जायची पिशवी भरली का?" कुणी हसलं नाही.

टप्‌. एक वाजला. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग एकदम आत जे सुरू झालं, ते झाकणाला आवरेना. आत्या हातानं झाकण दाबायला गेल्या, तर बाजूनं लाह्या उडाल्या, एक थेट शकूमावशींच्या पदरात जाऊन पडली. सगळे नाही फुटले. तळाला गणंग राहिलेच बरेच. पण कढई काठोकाठ भरली. मामांनी डोळे उघडले आणि एक लाही उचलून आत्यांपुढं धरली. आत्या म्हणाल्या, "उपवास आहे माझा." तरी ती त्यांनी घेतली आणि पदराला बांधून ठेवली.

पंचमीला सकाळी नागोबापुढं आधी ज्वारीच्या लाह्या ठेवल्या, मग मक्याच्या. पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती, ओसरीत बायका फुगड्या घालत होत्या, आणि तेवढ्यात दारात निवृत्तीकाका उभे. खांद्यावर टॉवेल, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. पहिल्या गाडीनं आले होते. बरणीच्या गडबडीत त्यांना उलट निरोप द्यायचा हे मामाही विसरले आणि मीही विसरले.

"दादा, चल," काका म्हणाले. "माडीवरची खोली झाडून ठेवलीय. बाज पण विणून घेतली नवी. कंडक्टर म्हणाला, कायमचं यायचंय."

फुगड्या थांबल्या. साऱ्या गल्लीच्या बायका मामांकडं बघायला लागल्या. मामांचा चेहरा पडला. भाऊ एवढ्या लांबून आला, बाज विणून आला, त्याला तोंडावर काय सांगावं, हे त्यांना सुचेना. आणि सवयीनं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी काही बोलणारच नव्हते. तेवढ्यात आत्याच पुढं झाल्या. हात पिठानं भरलेले होते, पदर डोक्यावर ओढून घेतला त्यालाही पीठ लागलं. एरवी दिरासमोर त्या मोठ्यानं बोलायच्या नाहीत. त्या दिवशी बोलल्या, आणि शकूमावशींसकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या.

"भाऊजी, पाय धुवा आणि जेवायला बसा. लाह्या न्या घरी पोरांना. पण हे यायचे नाहीत. आमचं बोलणं अजून संपलेलं नाही."